ब्राझीलमध्ये जन्मल्याचे फायदे

आमच्या सनीव्हेलमध्ये चार मराठी माणसं कुणाच्या गराजमध्ये जमली की विषयांचा क्रम ठरलेला असतो. आधी व्हिसा, मग घरांच्या किमती, मग पोरांचं गणित. ते संपलं की दोन मिनिटं सगळे चिवडा खातात आणि मग कुणीतरी म्हणतं, "अरे, तो क्लेबरचा सांग ना!" कुठला, म्हणून विचारलं तर प्रत्येकाला वेगळाच हवा असतो. मी काही किस्से गोळा करायला निघालो नव्हतो. एका हेवी मेटल ड्रमरच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो, एवढाच माझा गुन्हा. बाकीचं आपोआप साचत गेलं.

क्लेबर ब्राझीलचा. जन्म उबेराबा नावाच्या गावातला. दाढी छातीपर्यंत, दोन्ही दंडांवर कवट्या आणि मनगटापर्यंत उतरलेला साप. अर्ध्या जगात वाजवून आलेला माणूस. त्याच्या बँडचं नाव इंग्रजीत भयंकर वाटतं, मराठीत त्याचं 'कुजलेली करवंटी' एवढंच होतं. मी नागपूरचा, चिपच्या कंपनीत टेस्टिंग करतो आणि शनिवार-रविवार क्लेबरचे ड्रम उचलतो. फुकट! माझ्या व्हिसावर दुसऱ्या कामाचे पैसे घेतले तर घरी पाठवतात. फुकट केलं तर त्याला छंद म्हणतात.

* * *

पहिली भेट भांडणाचीच होती.

राहायला येऊन दोन-तीन महिने झाले होते. रविवारी सकाळी मी कुकर लावला की खालून धडधड सुरू व्हायची. ओट्यावरचे डबे सरकायचे. एका रविवारी माझं डोकं फिरलं. तणतणत खाली गेलो आणि दार वाजवलं.

दार उघडलं तर समोर हा राक्षस! काळा बनियन, साप, कवट्या, आणि नखांना ओलं गुलाबी नेलपॉलिश. मागून एक मुलगी हातात छोटा ब्रश नाचवत ओरडत होती, "डॅड, आय सेड डोन्ट मूव्ह!" ती लुईझा, त्याची लेक. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, बुधवारी आणि शनिवार-रविवार ती बापाकडे.

माझी निम्मी हवा दारातच गेली. तरी म्हटलं, "वर फार आवाज येतो हो."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "सॉरी. मी रबराच्या पॅडवरच वाजवतो, पण पाय जोरात पडतो. पण तू आलास ते बरं झालं. मी तुझ्या कुकरबरोबर प्रॅक्टिस करतो. पहिल्या दोन शिट्ट्या अगदी बरोबर येतात. तिसरी दर वेळी लेट!"

मी वर आलो आणि कुकरची रिंग बदलली.

* * *

तो ड्रमर कसा झाला, हे त्याने मला व्हॅन चालवताना सांगितलं.

बापाचा गायींचा गोठा. घरात ड्रम वाजवायला आईची बंदी. मग हा गोठ्यात बसून दुधाच्या कॅन बडवायचा. बाप काठी घेऊन धावून आला, पण त्याच आठवड्यात दूध वाढलं! बापाने काठी ठेवली आणि म्हणाला, "रोज धारेच्या वेळी वाजव."

पुढे याला कॅलिफोर्नियातून बँडचं बोलावणं आलं, तेव्हा बाप अडून बसला. मुलगा लांब जाणार याचं दुःख होतंच, पण दुधाचं काय? शेवटी क्लेबरने गोठ्यात बसून एक कॅसेट भरून दिली आणि विमानात बसला.

"तो माझा पहिला अल्बम," तो म्हणाला. "आणि एक सांगतो, इतके चांगले श्रोते मला नंतर जर्मनीतही मिळाले नाहीत. सगळ्या एका तालात माना हलवायच्या!"

* * *

या गायींवरून एक झालं.

आमच्या शैलाकाकू, भूलतज्ज्ञ. टेक्सासमध्ये शुगर लँडला आयुष्यभर लोकांना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर लेकाजवळ राहायला म्हणून सांता क्लाराला आल्या. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मी क्लेबरला घेऊन गेलो, कारण त्याला शिरा आवडतो.

काकूंनी साप पाहिला, कवट्या पाहिल्या आणि नाइलाजाने विचारलं, "तुमच्याकडे घरी काय करतात?"

"गायी. इंडियन. गीर."

"अय्या! आपली गीर गाय?"

मग क्लेबरने फोनवर फोटो दाखवला. म्हातारा बाप आणि शेजारी लोंबत्या कानांची, वशिंडवाली, अस्सल गीर. पणजोबांच्या काळात भारतातून बोटीने तिकडे गेलेली जात. काकू विरघळल्या. फोन सगळ्या बायकांत फिरला. कुणीतरी स्क्रीनला हळदकुंकू लावलं. क्लेबर आपला हात जोडून उभा!

फोन परत देताना काकूंच्या मनात पाल चुकचुकली. जपून विचारलं, "पण तुम्ही लोक तिला... खात नाही ना?"

"गीर? नेव्हर!" क्लेबर दुखावलाच. "बाप मला गोळी घालेल. गीर दुधासाठी. खायला नेलोर."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती पण आपल्याकडचीच जात, काकू. आंध्रातल्या नेल्लोरची."

काकूंनी शिऱ्याचा डाव उचलला.

"आंध्रातली ना? मग ते त्यांचं ते बघतील. घे रे, अजून शिरा घे!"

* * *

आता मिल्या. मिलिंद पुण्याचा, प्रोग्रामर, वय लग्नाचं कधीच उलटलेलं. आम्ही त्याला व्हिसाचार्य म्हणतो. इमिग्रेशनचा असा एक नियम नाही जो त्याला पाठ नाही, आणि त्यातला एकही त्याच्या उपयोगी पडलेला नाही. कारण ग्रीन कार्डाची लाइन तुम्ही कुठे जन्मलात यावर ठरते. भारतात जन्मलेल्यांची लाइन इतकी लांब, की मिल्या म्हणतो, "माझा नंबर येईल तेव्हा कार्ड फोटोच्या हाराला अडकवा."

तर एका शनिवारी क्लेबर माझ्याकडे तोंड पाडून बसला होता, मिल्याही आलेला. बँड मोडायला आला होता. त्यांचा गायक, जो स्टेजवर बारा वर्षं सैतानाच्या नावाने किंचाळत होता, तो आता घरं विकायचा धंदा करणार होता. क्लेबरचा व्हिसा बँडच्या नावावर. बँड गेला की व्हिसा गेला, व्हिसा गेला की हा उबेराबाला. आणि लुईझा इथे, आईजवळ.

"लुईझा तर सिटिझन आहे," मी म्हटलं.

"तिला बापासाठी अर्ज करायला एकवीस पूर्ण व्हावी लागतात," मिल्या म्हणाला. "आत्ता ती चौथीत आहे. तिच्या आईचं काय?"

क्लेबरची आधीची बायको नर्स. तिचं ग्रीन कार्ड आलं, पण घटस्फोट झाल्यावर थोड्याच दिवसांत. घटस्फोट थोडा लांबला असता तर यालाही मिळालं असतं.

मिल्याने कपाळावर हात मारला. "यार, ड्रमर ना तू? टायमिंग एवढं चुकतं?"

क्लेबर हसला नाही. म्हणाला, "मला तिच्या बुधवारी इथे असायचंय. बाकी मला काही नको."

मग मिल्या एकदम सरळ बसला. "एक मिनिट. तुझा जन्म कुठला? नक्की ब्राझील? सर्टिफिकेट आहे?" क्लेबरने मान हलवली. मिल्या उठला आणि त्याच्या पाया पडला! "अरे, याला लाइनच नाही! ब्राझीलमध्ये जन्मलेला माणूस! असामान्य कर्तृत्वाच्या कोट्यात टाकू, सुसाट जाईल!"

त्या आनंदात मिल्याचं दुसरं डोकं चालायला लागलं. कारण नियम असा आहे, की बायको ब्राझीलमध्ये जन्मलेली असली तर नवऱ्याला तिच्या लाइनीत शिरता येतं.

"क्लेबर," तो हळूच म्हणाला, "तुला बहीण आहे का रे?"

"आहे. पण तिला नवरा आणि तीन मुलं आहेत."

मिल्याने बोटांवर तीन मुलं मोजली. मग म्हणाला, "नवऱ्याची तब्येत कशी असते?"

* * *

असामान्य कर्तृत्व सिद्ध करायचं म्हणजे स्वतःची स्तुती लिहावी लागते. क्लेबरला ती येईना. मिल्याने विचारलं, "युरोपच्या टूरमध्ये तू काय केलंस?"

"वस्तू बडवल्या."

मग मिल्याने सूत्रं हातात घेतली. वर्षानुवर्षं ऑफिसात स्वतःचं अप्रेझल लिहून त्याचा हात बसलेला. त्याने पानंच्या पानं लिहिली. 'आंतरराष्ट्रीय स्तरावर तालवाद्य विभागाचे यशस्वी नेतृत्व.' 'अत्यंत दबावाखाली वेळेत काम पूर्ण करण्याची क्षमता.' 'विविध संस्कृतींच्या सहकाऱ्यांशी उत्तम समन्वय.'

क्लेबरने सगळं मन लावून वाचलं. पान खाली ठेवलं.

"माणूस चांगला वाटतो," तो म्हणाला. "पण याला ड्रम येतात का?"

शिफारशींचीही अशीच गंमत. मेटलमधल्या मोठमोठ्या लोकांनी मनापासून शिफारस केली. फक्त वकीलबाईंचा एकदा फोन आला, की हे जे मिस्टर 'मढेखाऊ' आहेत, त्यांचं खरं नाव लागेल.

खरं नाव ब्रायन निघालं.

* * *

मिल्याचा एक गुण सांगितलाच पाहिजे. त्याचं ढोल-ताशा पथक आहे आणि तो त्याचा प्रमुख. रविवारी दुपारी एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये सराव असतो. क्लेबरने तो पाहिला आणि वेडा झाला. म्हणाला, मला ताशा द्या.

"नवीन माणसाला आधी झांज," मिल्या म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. "अबे, हा माणूस अख्ख्या युरोपात वाजवून आलाय!"

"असेल. व्हिसा वेगळा, पथक वेगळं. शिस्त म्हणजे शिस्त."

आणि क्लेबरने ऐकलं! पांढरा कुर्ता, डोक्याला भगवा फेटा, दाढी कुर्त्यावर रुळतेय, आणि अख्खा गणेशोत्सव हा माणूस मागच्या रांगेत झांज वाजवतोय. कानात बोळे घालून. कारण त्याचं म्हणणं पडलं, "तुमचं म्युझिक चांगलं आहे, पण आवाज फार आहे रे."

लुईझाला मात्र मिल्याने पहिल्याच दिवशी ध्वज दिला. ती सगळ्यांच्या पुढे.

मिरवणुकीत रस्त्याकडेचा एक गोरा पोरगा क्लेबरला बघून दगडासारखा उभा राहिला. धावत मिल्याकडे आला. "हा तोच ना? माय गॉड! मग तुम्ही याला मागे का ठेवलाय?"

"हात अजून बसलेला नाही," मिल्या म्हणाला.

* * *

'करवंटी'चा शेवटचा कार्यक्रम सॅन होजेला होता, उघड्यावर, भर दुपारी. क्लेबरने शैलाकाकूंना आग्रहाचं आमंत्रण दिलं आणि त्या आल्या. सलवार-कमीज, स्पोर्ट्स शूज, उन्हाची टोपी आणि घडीची खुर्ची. थेट स्टेजसमोर बसल्या.

पहिल्या गाण्याला समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर धावायला लागली, मेटलवाल्यांचा नाच तोच. मला धडकी भरली. पण त्या काळ्या टी-शर्टवाल्या, नाकात रिंगा घातलेल्या पोरांनी आपणहून काकूंच्या भोवती कडं केलं. कुणी जवळ आलं तर त्याला उचलून दुसरीकडे ठेवत होती. मध्ये आजी, बाहेर हाणामारी!

तासाभराने कार्यक्रम संपला. क्लेबर घामाने निथळत धावत आला आणि बघतो तर काकू खुर्चीत मान टाकून पडलेल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी खांदा हलवला. काकूंनी डोळे उघडले, चष्मा नीट केला.

"चाळीस वर्षं मी लोकांना झोपवलं," त्या म्हणाल्या. "मला झोपवणारा हा पहिला!"

* * *

आणि मग इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं.

बँड संपला होता. इथे होकार मिळाला तर राहायचं, नाही तर बॅग भरायची, एवढा सरळ हिशोब होता. मिल्याने माझ्या डायनिंग टेबलावर तयारी सुरू केली. "विचारतील तेवढंच बोलायचं. जास्तीचा एक शब्द नाही. विनोद नाही. हात हलवायचे नाहीत. टेबलावर ताल धरायचा नाही!"

ऑफिसर व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा लुईझा झाली. माझा चष्मा लावून बसली. आणि काय सांगू, पोरगी जन्मजात ऑफिसर!

"स्टेट युअर नेम. हॅव यू एव्हर ओव्हरथ्रोन अ गव्हर्नमेंट?"

"नो, मॅम."

"व्हाय डू यू वॉन्ट टू स्टे हिअर?"

याचं उत्तर मिल्याने पाठ करून घेतलं होतं, अमेरिकेतल्या तालवाद्य क्षेत्राला हातभार वगैरे. क्लेबरने तोंड उघडलं. लेकीकडे बघितलं. आणि ते वाक्य त्याला म्हणताच येईना. तीनदा प्रयत्न केला. लुईझाने चष्मा काढला आणि म्हणाली, "इट्स ओके, डॅड. वी विल कम बॅक टू दॅट वन."

मिल्या उठून चहा बघायला गेला. गॅसवर चहा नव्हता. मी पण खिडकीतून बाहेर बघत बसलो.

* * *

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी ड्राइव्ह केलं. मिल्या रजा नसल्यामुळे ऑफिसात अडकला होता आणि दर सिग्नलला मेसेज करत होता. लुईझाच्या शाळेला सुट्टी, आई ड्यूटीवर, म्हणून तीही बरोबर. मुलगी नेऊ नका, सहानुभूती गोळा करताय असं वाटेल, असं मिल्याने बजावलं होतं. पण तिला ठेवणार कुठे?

क्लेबरने काकूंच्या मिस्टरांचा सूट घातला होता. बाह्या आखूड. एका मनगटातून सापाचं डोकं बाहेर बघत होतं.

इमिग्रेशनच्या ऑफिसात बाकावर बसलो. त्याचा पाय इतका थरथरत होता की पलीकडे बसलेले आजोबाही हलत होते. तेव्हा लुईझा त्याच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "डॅड, हेअर." त्याने तिचे केस हातात घेतले आणि वेणी घालायला लागला. साधी तिपेडी नाही, चार पेडांची. ते जाडजूड हात काय सफाईने चालत होते! पेड एकमेकांखालून गेले तसा त्याचा पाय थांबला. त्याने टोकाला जांभळा रबर लावला, आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं.

ऑफिसर बाई पन्नाशीच्या. परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखा चेहरा, डोक्यावर करकचून बांधलेला अंबाडा. नाव पुकारलं. क्लेबर उठून आत गेला.

बराच वेळ काहीच नाही. मिल्याचे मेसेज येत होते, 'काय झालं?' मी लिहीत होतो, 'काही नाही.'

मग दार उघडलं आणि क्लेबरने नुसतं डोकं बाहेर काढलं. डोळे लाल. बोटाने लुईझाला बोलावलं. तीही आत गेली. मुलीला कशाला बोलावतात? निरोप घ्यायला? मी ज्या ज्या देवांची नावं नागपूर सोडल्यापासून घेतली नव्हती, ती सगळी घेतली.

पुन्हा बराच वेळ. मग दोघं बाहेर आली. लुईझाचे केस मोकळे होते. तिने येऊन माझा हात धरला.

"ही इज स्टेइंग," ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि लोकांदेखत रडलो. मिल्याला फोन लावला. तो आधी ऑफिसभर ऐकू जाईल असा ओरडला, आणि मग लगेच भानावर आला. "स्पीकरवर टाक! क्लेबर, आत नक्की काय विचारलं? शब्दन् शब्द सांग. आमच्यापैकी कुणाचा नंबर लागलाच कधी, तर उपयोगी पडेल!"

क्लेबरने लुईझाकडे बघितलं. लुईझाने क्लेबरकडे बघितलं.

"नथिंग," दोघं म्हणाली.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. ऑफिसर बाईंनी पुढचं नाव पुकारलं आणि माणूस येतोय बघून आत वळल्या. डोक्यावरचा अंबाडा गायब. पाठीवर चार पेडांची वेणी होती, आणि टोकाला जांभळा रबर.